मिटवलेल्या कर्जाची नोंद

मी शाळेची व्हॅन चालवायला लागले तेव्हा नाशिकमधल्या पाथर्डी फाट्याच्या आमच्या भागात या धंद्यात दुसरी बाई नव्हती. निदान माझ्या पाहण्यात तरी नव्हती. नवरा अंबडच्या एका कारखान्यात कंत्राटावर ऑपरेटर होता. मुलगी तेव्हा पहिलीत होती. तिला शाळेत सोडायला मी स्कूटरवर जायचे, तर शेजारच्या दोघीजणी म्हणाल्या, जातेसच तर आमचीही पोरं ने. दोनाची चार झाली. मग मी चारचाकी शिकले आणि एक जुनी व्हॅन घेतली. नातेवाइकांनी नाकं मुरडली, पण पोरांच्या आयांना बरं वाटलं. गाडीत बाई आहे म्हटल्यावर त्या निर्धास्त असायच्या.

पोरांना मी काकू. कोणाला वळणावर मळमळतं, कोण बसल्याबसल्या झोपतं, कोणाची आई पोळीचा शेवटचा घास हातात घेऊन फाटकापर्यंत पळत येते, हे सगळं मला तोंडपाठ होतं. धंदा बरा चालला होता. जुनी व्हॅन चढावर दमायला लागली तेव्हा बँकेकडून कर्ज काढून नवी घेतली. हप्ते वेळेवर जात होते. नव्या गाडीच्या सीटवरचं प्लास्टिक पोरांनीच ओरबाडून काढलं.

आणि मग टाळेबंदी आली.

इतर धंदे हळूहळू उघडले. शाळा मात्र उघडायचं नाव घेईनात. पोरं घरात मोबाईलसमोर बसून शिकत होती आणि माझी व्हॅन बिल्डिंगखाली धूळ खात उभी होती. बँकेने सुरुवातीचे काही महिने हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली. ती संपल्यावर पुढे ढकललेलं सगळं व्याजासकट समोर येऊन उभं राहिलं. नवऱ्याच्या कारखान्यात पाळ्या कमी झाल्या आणि पगार निम्म्यावर आला. मी गाडीच्या मागच्या सीट काढल्या. पहाटे पंचवटीतल्या मार्केट यार्डातून भाजी भरायची आणि ज्या कॉलन्यांतून पोरं उचलायचे त्याच कॉलन्यांत ती विकायची.

पहिल्या दिवशी मी एका गल्लीत गाडी थांबवली आणि नेहमीचा हॉर्न वाजवला. सवयीने वाजवला गेला. वरच्या गॅलरीतून एक पोरगी धावत बाहेर आली.

"काकू! शाळा सुरू झाली?"

"नाही गं. मेथी आणलीय. आईला विचार, घेते का."

पोरगी हिरमुसली. तिची आई खाली आली, तिने मेथी घेतली, वर नको असलेला कोबीही घेतला आणि पैसे देताना माझ्याकडे बघितलंच नाही. तिला माझी दया आली होती आणि ते मला दिसू नये असं तिला वाटत होतं. तो कोबी मी तिला विकायला नको होता असं पुढे कितीतरी वेळा मनात आलं.

भाजीवर घर चाललं, पण हप्ता निघेना. बँकेचा वसुलीचा माणूस यायला लागला. अशा माणसांबद्दल लोक काय काय सांगतात, पण हा अगदी सौम्य होता. दारातच उभा राहायचा, आत ये म्हटलं तरी यायचा नाही. "मॅडम, आज काही जमेल का?" एवढंच विचारायचा. कधी थोडं जमायचं, कधी नाही. त्याच्या त्या हळू आवाजाचीच मला जास्त लाज वाटायची. तो ओरडला असता तर मीही ओरडले असते.

शेवटी बँकेतल्या साहेबांनीच बोलावून घेतलं. ते म्हणाले, "ताई, असं किती दिवस ओढणार? गाडी विकून टाका. येतील ते पैसे भरा, वर थोडी रक्कम घाला. उरलेलं बँक सोडून देईल. खातं बंद."

मी विचारलं, "म्हणजे मिटलं?"

"मिटलं."

ते खोटं बोलले नव्हते. मिटलंच होतं. त्याच्यापुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि मला ते विचारायला सुचलं नाही. दोन वर्षांनी कर्ज काढायला पुन्हा कुठल्या दारात उभी राहीन, हे त्या खुर्चीत बसून मला दिसणं शक्यच नव्हतं. मला दिसत होतं ते एवढंच, की उद्यापासून दारावर कोणी येणार नाही.

गाडी घोटीच्या एका तांदळाच्या व्यापाऱ्याने घेतली. त्याला पोती वाहायची होती. व्यवहार झाल्यावर त्याच्या माणसाने पिवळ्या पट्टीवरची 'स्कूल व्हॅन' ही अक्षरं पान्याच्या टोकाने तिथेच खरवडायला सुरुवात केली. नवरा म्हणाला, "चल, आपण निघू." आम्ही रिक्षाने घरी आलो. त्या दिवशी दुपारी मी गाढ झोपले. कितीतरी महिन्यांत अशी झोप लागली नव्हती. उठल्यावर नवऱ्याला म्हणाले, "गाडी गेली, पण डोक्यावरचं ओझं उतरलं." तोही हसला. आम्ही दोघं खरोखर सुखात होतो त्या दिवशी.

शाळा पुन्हा नियमित सुरू झाल्या तेव्हा फोन यायला लागले. "काकू, येताय ना?" मी प्रत्येकाला सांगायचे, गाडी नाही आता. मग एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे पगारावर लागले. त्याच्या पाच-सहा व्हॅन होत्या. माणूस सरळ होता, महिन्याचा पगार कधी चुकवला नाही. पण रूट त्याचा, पोरं त्याची, सुट्टी त्याने दिली तर. एखाद्या आईने सांगितलं की आज पोराला अर्धा तास उशिरा घ्या, तर पूर्वी मी घ्यायचे. आता मालकाला विचारावं लागायचं आणि मालक नाही म्हणायचा. त्याचंही बरोबर होतं. एकाला हो म्हटलं की सगळ्यांना म्हणावं लागतं.

वर्षभर असं चाललं. थोडे पैसे साठले. नवऱ्याचं कामही रुळावर आलं. मग आम्ही ठरवलं, जुनी का होईना पण स्वतःची व्हॅन घ्यायची. निम्मे पैसे हातात होते, निम्म्याचं कर्ज काढायचं. मुंबई नाक्याजवळ गाड्यांना कर्ज देणारी एक कंपनी होती. तिथे गेलो.

टेबलामागे एक तरुण मुलगी होती. कागद घेतले, कॉम्प्युटरवर काहीतरी बघितलं आणि तिचा चेहरा बदलला. वाईट नाही, पण जपून बोलायचं ठरवल्यासारखा झाला.

"ताई, पूर्वी एखादं कर्ज सेटल केलंय का तुम्ही?"

"हो. मिटवलं. बँकेचं पत्र आहे माझ्याकडे."

"पत्र बरोबर असेल. पण पूर्ण रक्कम भरली नव्हती ना? बँकेने काही सोडून दिली. म्हणून तुमच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये त्या खात्यापुढे 'सेटल्ड' लिहिलंय. पूर्ण फेडलं असतं तर 'क्लोज्ड' आलं असतं."

"पण बंद तर दोन्ही सारखंच झालं."

"तुमच्यासाठी सारखंच. आम्हाला ते वेगळं दिसतं."

नवरा खुर्चीत पुढे सरकला. "त्यांनीच सांगितलं होतं असं करा म्हणून. आम्ही नव्हतं मागितलं."

"असेल काका. तेव्हा हजारो लोकांचं असंच झालंय. मला कळतं. पण आमची सिस्टीम ही फाईल पुढे घेत नाही."

मी विचारलं, "हे किती दिवस राहणार?"

"साधारण सात वर्षं."

बाहेर येऊन आम्ही फुटपाथवर उभे राहिलो. मला राग यायला हवा होता, पण डोक्यात तो एकच शब्द घोळत होता. सेटल. आमच्याकडे हा शब्द लग्नाच्या बोलण्यांत येतो. मुलगा सेटल आहे म्हणजे नोकरी आहे, फ्लॅट आहे, चिंता नाही. माझी आई माझ्याबद्दल सगळ्यांना सांगायची, नाशिकला सेटल झाली. आणि या कागदावर त्याच शब्दाचा अर्थ असा, की या बाईने घेतलेलं पूर्ण परत केलं नाही.

घरी आल्यावर नवऱ्याचा संताप बाहेर पडला. "चोरी केली का आपण? गाडी दिली, होते नव्हते ते पैसे दिले. सगळं जग बंद होतं तेव्हा! त्याची सात वर्षं आठवण ठेवणार?"

मुलगी तेव्हा बारावीत होती. ती म्हणाली, "बाबा, ते राग ठेवत नाहीत. नोंद ठेवतात."

"मग राग परवडला. राग उतरतो तरी."

सटाण्याहून दीर आले, त्यांच्या कानावर हे गेलं होतं. त्यांचा कांद्याचा व्यापार आहे, हात सढळ. जेवताना त्यांच्या अहिराणी वळणात म्हणाले, "वहिनी, चिंता करू नका, मी शे ना. माझ्या नावावर कर्ज काढू. गाडी तुम्ही चालवा, हप्ता तुम्ही भरा. माझा रिपोर्ट एकदम साफ आहे."

नवऱ्याचा चेहरा उजळला. मी मात्र भाऊजींना आणखी एक पोळी वाढली. मी म्हणाले, "भाऊजी, उद्या कळवते."

रात्रभर विचार करायची वेळ आली नाही. भांडी घासता घासताच ठरलं. पूर्वी असतं तर मी आनंदाने हो म्हटलं असतं, कारण नाव देणं म्हणजे काय देणं हे मला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक होतं. माझा एक हप्ता चुकला असता तर दिरांच्या रिपोर्टवर ते उमटलं असतं. त्यांचा तर सगळा धंदाच बँकेच्या पैशावर. कांदा साठवणीच्या चाळीत असतो तेव्हा ते उचल घेतात, विकला की फेडतात. दुसऱ्या कुठल्या साथीने पुन्हा शाळा बंद पडल्या तर माझ्यापायी त्यांना कोणी खुर्चीत बसवून जपून बोललं असतं. सकाळी चहा देताना मी त्यांना नाही म्हणाले. ते थोडे दुखावले.

"परकं समजता का आम्हाला?"

"परकं समजले असते तर घेतलं असतं," मी म्हणाले. त्यांना ते पटलं की नाही कोण जाणे, पण पुन्हा त्यांनी विषय काढला नाही.

कंपनीतल्या त्या मुलीनेच जाताना एक वाट सांगितली होती. बँकेने सोडलेली रक्कम आता भरली, तर बँक 'सेटल्ड'चं 'क्लोज्ड' करून देऊ शकते. नवऱ्याने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. मी विषय काढला तेव्हा तो म्हणाला, "माफ केलेलं कोणी परत भरतं का? लोक हसतील."

"माफ केलं असतं तर लिहून ठेवलं नसतं."

"मग सात वर्षं थांबू. त्यातली दोन तर गेलीच."

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. फुकट थांबून जे पुसलं जाणार त्यासाठी पैसे का ओतायचे? पण उरलेली वर्षं मला दुसऱ्याच्या गाडीत काढायची नव्हती. आणि मनाच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती, ती मी त्याला तेव्हा सांगितली नाही. ती रक्कम मी घेतली होती हे खरं होतं. टाळेबंदी माझ्यामुळे आली नव्हती, हेही खरं. दोन्ही एकदम खरं असू शकतं, हे मला बँकेला सांगता येत नव्हतं आणि नवऱ्यालाही. भरून टाकलं की दोघांनाही काही सांगायची गरज उरणार नव्हती.

बँकेत गेले तर ते जुने साहेब बदलून गेले होते. नव्या साहेबांना माझं बोलणंच कळेना.

"तुम्हाला सोडून दिलेत ना पैसे?"

"हो."

"मग भरायला कशाला आलात?"

त्यांनी आणखी एकाला बोलावलं. दोघांनी मिळून कॉम्प्युटरमध्ये शोधलं. ते खातं त्यांच्या शाखेत दिसतच नव्हतं, मुंबईच्या ऑफिसकडे गेलं होतं. अर्ज द्या म्हणाले. दिला. उत्तर आलं नाही. पुन्हा गेले, पुन्हा दिला. पगारावरच्या गाडीच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात मी बँकेत जाऊन बसायचे. वॉचमन ओळखायला लागला. पैसे द्यायला आलेल्या माणसाला इतका वेळ ताटकळत ठेवतात, हे मी पहिल्यांदाच अनुभवत होते. मुंबईहून एकदा सांगण्यात आलं की मधल्या काळाचं व्याजही लागेल. मी म्हणाले, जेवढं सोडलं तेवढंच भरीन. त्यावर परत काही आठवडे शांतता. शेवटी ते मान्य झालं. गाडीसाठी साठवलेल्यातले बरेचसे पैसे त्यात गेले. नवरा बरोबर आला होता. पावती माझ्या हातून घेऊन त्याने दोनदा वाचली आणि खिशात ठेवली. घरी आल्यावर ती कपाटातल्या फाईलला लावली. मग म्हणाला, "मला वाटलं होतं जास्त वाईट वाटेल."

रिपोर्ट बदलायला आणखी महिना-दीड महिना गेला. मुलीने मोबाईलवर काढून दाखवला. खात्यापुढे 'क्लोज्ड' आलं होतं. पण त्याच्या खाली महिन्यांचे छोटे छोटे चौकोन होते, आणि ज्या महिन्यांत हप्ता चुकला ते लाल होते. ते तसेच होते.

मी पुन्हा मुंबई नाक्याला गेले. तीच मुलगी होती. तिला ते चौकोन दाखवून म्हणाले, "हे का नाही गेले? मी तर सगळं भरलं."

"भरलं, पण उशिरा भरलं ना ताई. हे महिने राहतील अजून काही वर्षं. उशीर झाला होता हे तर खरंय."

"खरंय," मी म्हणाले.

या वेळी फाईल पुढे गेली. व्याज दुसऱ्यांपेक्षा थोडं जास्त लावलं आणि आधी भरायची रक्कमही जास्त मागितली. ती जमवायला आणखी एक शाळेचं वर्ष पगारावर काढावं लागलं. नंतरच्या जूनमध्ये माझी गाडी आली. सेकंडहँड, उजवीकडचं दार जरा जोरात ओढावं लागतं. पण माझी.

फोन मी करायच्या आधीच लोकांना कळलं होतं. जागा भरत आल्या. त्यात एका वडिलांचा फोन आला. आवाज ओळखला. त्यांचा मोठा मुलगा टाळेबंदीच्या आधी माझ्या गाडीत होता. शेवटच्या तीन महिन्यांची फी त्यांनी थकवली होती. शाळा बंद झाल्यावर बऱ्याचदा मागितली तेव्हा अर्धी दिली आणि म्हणाले होते, "काकू, एवढ्यावर मिटवू या. माझंही दुकान बंद आहे." मी मिटवू म्हटलं होतं. आता धाकटीसाठी जागा हवी होती.

मी म्हणाले, "जागा आहे. पण तुम्हाला दोन महिन्यांची फी आगाऊ द्यावी लागेल."

"सगळ्यांना आहे का असं?"

खोटं बोलता आलं असतं. "नाही," मी म्हणाले.

ते म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. देतो."

त्यांना मी मनापासून सोडलं होतं. त्यांचं दुकान खरंच बंद होतं, मी स्वतः त्या दुकानाच्या शटरसमोर भाजीची गाडी लावली होती. तरीही त्यांचा आवाज ऐकल्याबरोबर मला ती अर्धी फी आठवली, इतक्या वर्षांनी, रुपयासकट. आणि त्याच क्षणी मला मुंबई नाक्याच्या त्या मुलीचा जपून बोलणारा चेहरा दिसला. मी अट मागे घ्यावी असं वाटलं. घेतली नाही. माझाही हप्ता होता, तो थांबणार नव्हता. त्यांनी आगाऊ पैसे दिले आणि नंतर एकदाही उशीर केला नाही. पहिली सहामाही झाल्यावर मी त्यांना सांगितलं की आता सगळ्यांसारखे महिन्याच्या शेवटी द्या. त्यासाठी सात वर्षं थांबायची मला गरज वाटली नाही. पण मी एक बाई आहे आणि माझी पोरं चौदा. रोज सकाळी त्यांच्या आईबापांची तोंडं मला दिसतात. त्या कॉम्प्युटरला माझं तोंड दिसत नव्हतं. दिसलं असतं तर त्याने काय केलं असतं, हे मला अजून ठरवता येत नाही. कदाचित तोंड बघून ज्यांना नाकारतात त्यांच्यासाठी ते न दिसणंच बरं असेल.

आता मुलगी सातपूरच्या एका लॅबमध्ये नोकरीला लागली आहे. गेल्या महिन्यात तिला स्कूटर घ्यायची होती, हप्त्यावर. पहिल्यांदाच स्वतःचा रिपोर्ट काढायला बसली. मी स्वयंपाकघरातून विचारलं, "काय म्हणतंय?"

"काहीच नाही. कोरा आहे."

मी हात पुसत बाहेर आले. खरंच कोरा होता. नाव, पत्ता आणि खाली काही नाही. मला इतकं बरं वाटलं, जसं काही तिची शाळेची नवी वही बघतेय.

दुसऱ्या दिवशी ती शोरूममधून तणतणत आली. "आई, ते म्हणतात, तुमचा काहीच इतिहास नाही, भरवसा कसा ठेवायचा? जामीन म्हणून कोणाची तरी सही लागेल म्हणे."

मी मोठ्याने हसले. ती आधी चिडली, मग तीही हसायला लागली. नवरा आतून बाहेर आला आणि काय झालं म्हणून विचारायला लागला, तर आम्हाला दोघींना सांगताच येईना.

सही तिच्या बाबांनी केली. सही करण्याआधी मी तिला समोर बसवलं आणि म्हणाले, "दोन हप्त्यांचे पैसे आधी बाजूला ठेव. त्यांना हात लावायचा नाही. आणि कधी अडकलीस, अगदी नाही जमत असं झालं, तर बँकेत जायच्या आधी आमच्याकडे ये."

"आणि तुमच्याकडेही नसले तर?"

"तर बँकेत आपण दोघी जाऊ. आणि सही करायच्या आधी विचारू, की याच्यानंतर काय लिहिणार आहात."

स्कूटर निळी आहे. सकाळी मी व्हॅन काढते तेव्हा ती माझ्यापुढे निघते आणि पाथर्डी फाट्याच्या सिग्नलला उजवीकडे वळते. मी डावीकडे वळते, पहिल्या पोराला उचलायला.